वाचकांचे प्रश्न : परग्रहावरील जीव ओळखायचा कसा?

मागील अंकातील एका टिपणात के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात सजीवांशी जोडला जाणारा एक वायू आढळल्याच्या दाव्याचा उल्लेख होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबई भागातील आहेत, आणि त्यांतील प्रश्न इतके नेमके आहेत की या वेळचे संपूर्ण सदर मी त्यांनाच दिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे. पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच असल्यामुळे वाचकांनी ते आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न : मी रोज ऐरोलीच्या खाडीपुलावरून मुलुंडला कामाला जातो. आपण लिहिले होते की या ग्रहाचे छायाचित्र कुणीही काढलेले नाही, आणि त्याच टिपणात त्याच्या हवेत कोणते वायू आहेत तेही सांगितले होते. १२४ प्रकाशवर्षांवरची हवा कुणी हुंगून पाहिली? आणि वायू खरोखर सापडला असेल, तर शास्त्रज्ञ त्यावरून आपसात वाद का घालत आहेत?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘हुंगून’ हा शब्द मी मुद्दाम तसाच छापला आहे, कारण हा विषय खरोखरच एका वासापाशी येऊन थांबतो. पण दूरच्या हवेची ओळख कशी पटते, ते आधी पाहू.

स्वयंपाकघरातील गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाची चिमूट पडली की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो रंग मिठातील सोडियमचा असतो; मीठ भांडुपच्या मिठागरातले असो की कच्छच्या रणातले, रंग तोच येतो. प्रत्येक मूलद्रव्य आणि प्रत्येक रेणू प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांब्याच बाहेर टाकतो किंवा शोषून घेतो, आणि ही खूण अंतरामुळे पुसट झाली तरी बदलत नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जूल जान्सन गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्यांतील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे ताडले. त्या अनोळखी द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले आणि पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झी यांच्या हाती लागले १८९५ साली. म्हणजे सूर्यावरचा वायू आपल्याला इथल्या वायूच्या २७ वर्षे आधी ओळखता आला होता.

ग्रहाच्या बाबतीत अडचण अशी की त्याचा प्रकाश अत्यंत मंद असतो आणि शेजारच्या ताऱ्याच्या तेजात तो हरवून जातो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकण्याची वाट पाहतात; याला अधिक्रमण म्हणतात. त्रिपुरी पौर्णिमेला ठाण्याच्या तलावपाळीवर १२ हजार पणत्या लावल्या आहेत, अशी कल्पना करा. दूरच्या निरीक्षकाला आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना सूर्याचा प्रकाश जेवढा घटलेला दिसेल, तो त्यांतील एक पणती मालवण्याइतका असेल. के२-१८ हा तारा सूर्यापेक्षा पुष्कळ लहान, लाल बटू जातीचा आहे आणि त्याच्या ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे २.६ पट आहे, त्यामुळे तेथे हे प्रमाण हजार पणत्यांमागे तीन पणत्या इतके भरते. दर ३३ दिवसांनी ही घट पुन्हा दिसते. २०१५ साली केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून या ग्रहाचा पत्ता लागला तो असाच.

आता यापुढची पायरी अधिक नाजूक आहे. ग्रहाला वातावरण असेल, तर अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्या वातावरणाच्या पातळ कड्यातून गाळला जाऊन आपल्यापर्यंत येतो. मिथेन ज्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो, त्या तरंगलांबीला ग्रह जरासा मोठा भासतो आणि इतरत्र जरासा लहान. हा फरक लाख पणत्यांमागे पाच-दहा पणत्यांचा असतो. याच रीतीने २००१ मध्ये हबल दुर्बिणीच्या साहाय्याने एचडी २०९४५८बी या ग्रहाच्या हवेतील एक द्रव्य प्रथमच ओळखले गेले, आणि ते सोडियमच होते. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेली जेम्स वेब दुर्बीण हेच काम अवरक्त प्रकाशात करते. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा असून ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे.

के२-१८बीची कहाणी या दृष्टीने फार बोधक आहे, आणि ती मी क्रमाने सांगतो. २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून या ग्रहावर पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले आणि जगभर बातम्या झाल्या. २०२३ मध्ये जेम्स वेबने अधिक रुंद वर्णपट टिपला, तेव्हा तेथे मिथेन ठळकपणे दिसला आणि पाण्याच्या वाफेची खूण मात्र स्पष्ट मिळाली नाही. हबलला दिसलेल्या तरंगलांबीपाशी पाणी आणि मिथेन दोन्ही प्रकाश शोषतात. आधी पाणी वाटलेले ते बहुधा मिथेन होते. कुणी लबाडी केली नव्हती. उपलब्ध खिडकी अरुंद होती आणि तिच्यातून दोन वेगळ्या वस्तू सारख्याच दिसत होत्या.

त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने याच ग्रहावर डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा डायमिथिल डायसल्फाइड हा वायू असल्याचा संकेत मिळाल्याचे मांडले. मधुसूदन यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण वाराणसीत झाले, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. आणि आता आपला वास. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावर नाकात शिरणारा कुजक्या अंड्यांसारखा वास चिखलातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. मोकळ्या किनाऱ्यावर आपण ज्याला ‘समुद्राचा वास’ म्हणतो, त्यात मोठा वाटा डायमिथिल सल्फाइडचा असतो, आणि पृथ्वीवर तो प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्म वनस्पती-प्लवकांपासून तयार होतो. म्हणूनच या दाव्याने इतकी खळबळ उडाली.

वादाची कारणे दोन आहेत. पहिले कारण मोजमापाचे. त्या गटाने स्वतःच सांगितले होते की वायू नसतानाही केवळ मोजमापातील चढउतारांमुळे असा संकेत दिसण्याची शक्यता हजारात तीन इतकी आहे. रोजच्या व्यवहारात हे प्रमाण आपण खुशाल मान्य करू, परंतु अशा शोधासाठी शास्त्रज्ञ जो निकष पाळतात त्यात ती शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी असावी लागते. इतर गटांनी तीच निरीक्षणे आपापल्या पद्धतीने तपासली, तेव्हा त्यांना त्यांत या वायूचा ठोस पुरावा आढळला नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ६७पी या धूमकेतूवर, म्हणजे जेथे कोणताही जीव असल्याचे कुणी म्हणत नाही अशा ठिकाणी, डायमिथिल सल्फाइड आढळल्याचे २०२४ मध्ये दाखवून देण्यात आले. प्रयोगशाळेतही साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील किरण टाकून तो बनवता आला आहे. तेव्हा उद्या हा वायू निर्विवादपणे सापडला, तरी ‘तेथे जीव आहे’ असे म्हणण्याआधी जीवाविना तो तयार होण्याची प्रत्येक वाट त्या ग्रहाच्या परिस्थितीत बंद असल्याचे दाखवावे लागेल. जीवसृष्टीच्या शोधातले खरे अवघड काम हेच आहे. जे आज आक्षेप घेत आहेत, तेही हाच शोध पुढे नेत आहेत, असे मी मनापासून मानतो.

प्रश्न : आम्ही दर हिवाळ्यात मुलांना रोहित पक्षी दाखवायला पाणथळीवर नेतो. तेथील वैविध्य पाहून वाटते की निसर्ग काय वाटेल ते करू शकतो. मग शास्त्रज्ञ फक्त पाणी आणि प्राणवायूच का शोधतात? अगदी वेगळ्या धाटणीचे जीव असू शकत नाहीत का?
(एक वाचक भगिनी, नेरुळ)

उत्तर : असू शकतात, आणि प्राणवायू लागतोच असे कुणी मानत नाही. त्याचा पुरावा ज्या चिखलात ते पक्षी चोच घालून उभे असतात, त्या चिखलातच आहे. ठाण्याच्या खाडीच्या गाळात काही सेंटिमीटर खाली गेले की प्राणवायू संपतो, रंग काळा होतो, आणि तो काळेपणा लोहाच्या सल्फाइडांचा असतो. तेथे पाण्यातील सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि आणखी खाली मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव असतात. यांतील अनेकांना प्राणवायू विषासमान आहे. पृथ्वीवर जीवसृष्टी निदान ३५० कोटी वर्षांपासून आहे, पण हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी कुणी परक्या दुर्बिणीतून पाहिले असते आणि केवळ प्राणवायू शोधला असता, तर जिवंत पृथ्वी त्याला निर्जीव वाटली असती.

याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. एखाद्या ग्रहावर ताऱ्याचे अतिनील किरण पाण्याच्या वाफेचे विघटन करतात, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि प्राणवायू मागे उरतो. यात जीवाचा काहीच भाग नसतो. म्हणून एकट्या प्राणवायूपेक्षा प्राणवायू आणि मिथेन एकत्र सापडणे अधिक अर्थपूर्ण मानतात. हे दोघे एकमेकांशी अभिक्रिया करून संपत जातात. पृथ्वीच्या हवेतला मिथेन साधारण दहा वर्षेच टिकतो; तरीही तो दहा लाख भागांत सुमारे दोन भाग इतका कायम आहे, कारण भातखाचरे, गुरे, दलदली आणि माणसाचे उद्योग तो सतत भरत असतात. खर्च चालू असूनही शिल्लक कमी होत नसेल, तर कुणीतरी भरणा करत असले पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. जेम्स लव्हलॉक यांनी तो १९६५ मध्येच मांडला होता.

पाण्याचा आग्रह मात्र सकारण आहे. पाणी तापमानाच्या मोठ्या टप्प्यात द्रव राहते, असंख्य पदार्थ विरघळवते, आणि त्यातील हायड्रोजन व प्राणवायू ही विश्वातील अतिशय विपुल मूलद्रव्ये आहेत. शिवाय जे ओळखण्याची खूण आपल्याला ठाऊक आहे, त्यापासून सुरुवात करणे भाग असते. ‘पाणी’ म्हणजे गोडे, स्वच्छ पाणी असा अर्थ मात्र घेऊ नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसॉल्ट खडकातील उल्काघाताने झालेले, अतिशय अल्कधर्मी आणि खारे आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवले. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच असल्यामुळे तेथील विवरांत कधीकाळी काय घडले असेल, याचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार विशेष जवळचे वाटते.

प्रश्न : प्रा. जयंत नारळीकरांनी फुग्यातून वरची हवा गोळा करून त्यात जिवाणू सापडल्याचे सांगितले होते. मी तेव्हा हे कात्रण वर्गाच्या फलकावर लावले होते. त्याचे पुढे काय झाले? तो पुरावा ग्राह्य धरला गेला का?
(एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

उत्तर : बाई, आपण कात्रण फलकावर लावले ते योग्यच केले, कारण हा प्रयोग काळजीपूर्वक आखलेला होता. जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असावे, या फ्रेड हॉयल आणि चंद्र विक्रमसिंघे यांच्या कल्पनेची कसोटी घेण्यासाठी जानेवारी २००१ मध्ये हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून फुगा सोडण्यात आला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत घेण्यात आले. त्यात पेशी आढळल्या. २००५ मध्ये इस्रोच्या पाठबळावर दुसरा प्रयोग झाला. त्यात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. हैदराबादच्या आणि पुण्याच्या दोन प्रयोगशाळांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या, म्हणजे एकीची चूक दुसरीला कळावी. जिवाणूंपैकी बहुतेक पृथ्वीवरील ज्ञात जातींशी अगदी जवळचे निघाले; तीन मात्र नव्या जाती ठरल्या, आणि त्यांतील एकीला हॉयल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. या नव्या जाती अतिनील किरणांना जवळच्या नातेवाइकांपेक्षा अधिक दाद न देणाऱ्या होत्या.

२००९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट म्हटले होते की यावरून हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. ते खालून वर गेले नसतील कशावरून, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि पृथ्वीवरील जीवाशी इतके साम्य असणे त्याच बाजूला झुकते. प्रा. नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. लोकप्रिय मतापेक्षा वेगळी कल्पना बाळगायची, आणि तिची परीक्षा मात्र सर्वांना मान्य होईल अशा कठोर रीतीने घ्यायची, ही त्यांची पद्धत त्या प्रयोगात पुरेपूर दिसते. तीस-चाळीस मुलांनी ते कात्रण वाचले असेल, तर त्याचे मोल मी फार मोठे मानतो.

प्रश्न : मी नववीत आहे. समजा त्या ग्रहावर कुणी आहे आणि त्यांच्याकडेही दुर्बीण आहे. त्यांना आपण दिसू का? खारघरचा डोंगर दिसेल का?
(एक विद्यार्थिनी, खारघर)

उत्तर : तुझा प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता आणि त्यांनी त्याचा प्रयोग करून पाहिला. गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान डिसेंबर १९९० मध्ये वेग मिळवण्यासाठी पृथ्वीजवळून ९६० किलोमीटर उंचीवरून गेले. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की पृथ्वीवर जीव आहे हे आपल्याला ठाऊकच नाही असे धरून चालायचे आणि केवळ यानाच्या उपकरणांनी काय कळते ते पाहायचे. त्यांना भरपूर प्राणवायू दिसला, त्याच्या सोबतीने मिथेन दिसला, आणि जमिनीच्या मोठ्या भागावर एक विलक्षण रंगद्रव्य दिसले, जे लाल प्रकाश शोषून घेत होते आणि त्याच्या लगतचा अवरक्त प्रकाश मात्र जोरात परतवत होते. ते हरितद्रव्य होते. पावसाळ्यात खारघरचा डोंगर हिरवागार होतो, तेव्हा त्याची पानेही हेच करत असतात, फक्त अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. याशिवाय यानाने अत्यंत अरुंद पट्ट्यातील रेडिओ लहरी पकडल्या, ज्या निसर्गात आपोआप तयार होताना आढळत नाहीत. यानाने छायाचित्रेही काढली, पण ती ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या भागांची होती आणि त्यांत माणसाची वस्ती असल्याचे ठामपणे सांगता आले नाही. इतक्या जवळून ही स्थिती, तर १२४ प्रकाशवर्षांवरून डोंगर दिसणार नाही. डोंगरावरच्या हिरवाईचा रंग मात्र पृथ्वीच्या एकूण प्रकाशात मिसळून पुरेशा मोठ्या दुर्बिणीला कळू शकेल.

आणखी एक गोष्ट तू मोजून पाहा. आज तेथे पोहोचणारा पृथ्वीचा प्रकाश सुमारे १२४ वर्षांपूर्वी निघालेला आहे. मार्कोनी यांनी अटलांटिकपार पहिला बिनतारी संकेत पाठवला तो डिसेंबर १९०१ मध्ये. म्हणजे त्या ग्रहाच्या दृष्टीने आपण आत्ता कुठे बोलायला लागलो आहोत.

प्रश्न : माळशेज घाटातून नारायणगावकडे जाताना खोडदच्या प्रचंड तबकड्या पाहिल्या. त्या परग्रहवासीयांचे संदेश ऐकण्यासाठी आहेत, असे आमच्या गाडीचा चालक म्हणाला. हे खरे का?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : ती जीएमआरटी, म्हणजे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे आणि सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तिचे नेहमीचे काम दीर्घिका, हायड्रोजनचे ढग, स्पंदक तारे यांचा अभ्यास करण्याचे आहे. पण चालकाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण संदेश ऐकायचा झाला तर अशाच दुर्बिणी लागतात. तिची संवेदनक्षमता किती आहे, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संकेत खोडदला थेट ऐकू आला होता, आणि उतरण्याच्या जरा आधी तो थांबल्याचेही तेथेच कळले होते.

संदेश ऐकण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथे केला. त्यांनी सूर्यासारखे दोन जवळचे तारे निवडले आणि १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावला, कारण ती हायड्रोजनची स्वाभाविक कंप्रता आहे आणि विश्वाचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही ती माहीत असणार. त्यांना काही मिळाले नाही. १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारे अचूक ठोके मिळाले, तेव्हा ते कुणी पाठवले असावेत ही शंका क्षणभर मनात आली, पण तो स्पंदक तारा निघाला, आणि तो शोध स्वतःच फार मोठा ठरला. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोत ७२ सेकंद टिकलेला एक तीव्र संकेत नोंदला गेला; तो पुन्हा कधीच ऐकू आला नाही, आणि जे पुन्हा तपासता येत नाही त्यावर काही उभारता येत नाही.

या कामातील सर्वांत मोठा अडथळा आपण स्वतः आहोत. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीवर अनेक वर्षे अधूनमधून येणारे काही गूढ संकेत २०१५ मध्ये तेथील मायक्रोवेव्ह ओव्हनचे ठरले. तो बंद होण्याआधीच कुणी दार उघडले की ते निघत. सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याच्या दिशेने २०१९ मध्ये त्याच दुर्बिणीने टिपलेला संकेतही सखोल तपासणीनंतर मानवी उपकरणांचाच ठरला. खोडदची जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणे हा मोठा विचार होता, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी तेथे जाल तेव्हा मोबाइल बंद ठेवण्याची सूचना मनापासून पाळा.

प्रश्न : इतक्या दूरच्या ताऱ्यांकडे बघत बसण्यापेक्षा मंगळावर उतरून का पाहत नाहीत?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : उतरून पाहिले आहे, आणि तेथेही प्रश्न तसाच अडकला. १९७६ मध्ये व्हायकिंगच्या दोन यानांनी मंगळाच्या मातीत पोषक द्रव घातले, तेव्हा एका प्रयोगात जिवंत सूक्ष्मजीवांनी द्यावा तसा प्रतिसाद मिळाला. त्याच मातीत सेंद्रिय रेणू मात्र सापडले नाहीत, म्हणून बहुतेकांनी तो मातीच्या रसायनांचा परिणाम मानला. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट ही क्षारे आढळली, आणि अशी क्षारे तापवल्यावर सेंद्रिय रेणूंचा नाश करू शकतात, हे ध्यानात आल्यावर जुना वाद पुन्हा जागा झाला.

सध्या सर्वांत आशादायक नमुना पर्सिव्हरन्स रोव्हरकडे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या या रोव्हरला जुलै २०२४ मध्ये एका प्राचीन नदीपात्रातील खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या ठिपक्यांत लोहाचे फॉस्फेट आणि लोहाचे सल्फाइड असलेली खनिजे असावीत, आणि सोबत सेंद्रिय कार्बनही आहे. खाडीच्या काळ्या गाळात आपण जे पाहिले, त्याच जातीची ही रसायने आहेत. पृथ्वीवर ती बहुधा सूक्ष्मजीवांच्या कामातून बनतात, परंतु जीवाविनाही बनू शकतात. त्या खडकाचा गाभा रोव्हरने नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत येईपर्यंत निकाल लागणार नाही, असे माझे मत आहे. गुरूच्या युरोपा या उपग्रहाच्या बर्फाखालच्या महासागराचा वेध घेण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहावरून उडणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांत कसिनी यानाला हायड्रोजन, क्षार आणि सेंद्रिय रेणू आढळले आहेत, आणि माझी स्वतःची सर्वाधिक उत्सुकता तेथेच गुंतलेली आहे.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर राहतो. हा ग्रह ज्या ताऱ्याभोवती फिरतो, तो गच्चीवरून दिसेल का? निदान कोणत्या दिशेला पाहायचे ते सांगावे.
(एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : तारा दिसणार नाही. अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही तो सुमारे १००० पट मंद आहे. जागा मात्र निश्चित सापडेल. एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास सिंह राशीतील मघा जवळजवळ डोक्यावर असते, आणि शहराच्या उजेडातही ती दिसते. तिच्या पूर्वेला उत्तरा फाल्गुनी शोधा. हात लांब करून मूठ धरली, तर मुठीच्या रुंदीहून किंचित कमी अंतरावर, उत्तरा फाल्गुनीच्या नैर्ऋत्येला आकाशाचा जो रिकामा भासणारा तुकडा आहे, के२-१८ त्यातच आहे.